कॅबिनेटमधली धूळ घरीच काढायची आहे: ब्लोअर, एसएमपीएस आणि थर्मल पेस्टबद्दल शंका

कासारवडवली_नाका

घोडबंदर रोडला लागून घर, तिसरा मजला. कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर, खिडकी रस्त्याच्या बाजूला. मेट्रोचं काम, सिमेंटचे मिक्सर आणि दिवसभराची अवजड वाहतूक, त्यामुळे सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं.

कॉन्फिगरेशन: आय५-१०४०० प्रोसेसर, त्याला गार ठेवायला सोबत आलेला इंटेलचाच कूलर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). घेतल्यापासून कॅबिनेट आतून साफ केलेलं नाही. काहीही चालू नसताना प्रोसेसर ५५-५८ अंशांवर असतो. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की दोन-तीन मिनिटांत १०० ला टेकतो आणि वेग धाडकन पडतो.

जाणकारांनी एवढं सांगावं:

१. बाजारात मिळतो तो ५००-६०० वॅटचा हँड ब्लोअर चालेल का? की घरचा व्हॅक्यूम क्लीनर बरा?
२. एसएमपीएस उघडून साफ करायचा का?
३. कूलर काढायचा की जागेवरच साफ करायचा? थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावलेली) बदलावीच लागेल का?
४. पुढच्या महिन्यात घरात पुट्टी आणि रंगकाम आहे आणि त्यानंतर लगेच पावसाळा. साफसफाई आधी करावी की नंतर?

ऐरोली_सोल्डर

आकडे बघता कूलर चोंदला आहे. १०४०० ची कमाल मर्यादा १०० अंशच आहे. तिथे पोचला की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही, पण पंखा सतत पूर्ण वेगाने फिरून झिजतोय. क्रमाने सांगतो, कारण यात नुकसान होतं ते बहुतेक वेळा घाईने.

आधी वीज. शटडाउन करा, एसएमपीएसच्या मागचं बटण ० कडे करा आणि कॅबिनेटच्या मागून पॉवर केबल उपसून बाजूला ठेवा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. मध्ये यूपीएस असेल तर भिंतीचं बटण बंद असतानाही तो बॅटरीवरून २३० व्होल्ट देत राहतो. केबल काढल्यावर कॅबिनेटचं पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा. मदरबोर्डवर छोटा दिवा असेल तर तो विझलेला दिसला पाहिजे. मग मॉनिटर, स्पीकर, लॅन, यूएसबी सगळं सुटं करा.

काम गॅलरीत करा, खोलीत नको. खोलीत उडवलेली धूळ अर्ध्या तासात परत आत जाते. शेजारी कपडे वाळत असतील तर थांबा. तोंडाला एन९५ मास्क लावा. सिमेंटची बारीक धूळ रुमालाने अडत नाही.

लागणारं सामान: फिलिप्स २ नंबरचा स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा नवा कोरा १ इंची ब्रश (नैसर्गिक केसांचा, नायलॉनच्या ब्रशने स्टॅटिक, म्हणजे घर्षणाने साठणारा विजेचा चार्ज, जास्त तयार होतं), चिमटा, इअरबड, दोन-तीन आइस्क्रीमच्या काड्या, आणि ब्लोअर.

ब्लोअर चालतो, पण तीन अटींवर. आधी तो गॅलरीच्या बाहेर तोंड करून पाच-दहा सेकंद चालवा, म्हणजे त्याच्या पोटातला कचरा तुमच्या मदरबोर्डवर येणार नाही. नळीचं तोंड भागांपासून १५-२० सेंमी लांब ठेवा. हवेने सहसा काही तुटत नाही, पण प्लास्टिकचं तोंड एखाद्या कपॅसिटरला किंवा पंख्याच्या वायरीला आपटलं की तुटतं. वेग बदलायची चकती असेल तर सगळ्यात खालच्या वेगाने सुरुवात करा आणि हवा एका जागी धरून न ठेवता दोन-तीन सेकंदांचे झोत द्या.

तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची: हवा मारताना कुठलाही पंखा फिरू द्यायचा नाही. पात्यांमध्ये आइस्क्रीमची काडी किंवा बोट अडकवून तो धरून ठेवा. कॅबिनेटचा साधा पंखा १२००-१५०० आरपीएमसाठी बनवलेला असतो, ब्लोअर त्याला त्याच्या कितीतरी पट पळवतो. त्यात बेअरिंग खराब होतं आणि आठवडाभरात घरघर सुरू होते. शिवाय बाहेरून फिरवलेला पंखा जनरेटरसारखी वीज तयार करून उलटी मदरबोर्डकडे पाठवतो. तो सुर्रकन फिरलेला बघायला छान वाटतं, म्हणून बरेच जण नेमकं हेच करतात.

क्रम असा. सगळ्या जोडण्यांचे मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः पॉवर बटणाच्या त्या बारीक वायरींचा. ग्राफिक्स कार्डाचा मागचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची खिटी दाबा, कार्ड दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचला. ते वेगळं साफ करायचं: पंखा धरून, पात्यांच्या मधून तिरकी हवा. मग कॅबिनेट आडवं करून ब्रशने वरून खाली धूळ सैल करा आणि ब्लोअरने बाहेर ढकला. पुढच्या पॅनलची जाळी निघत असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, पण रात्रभर पंख्याखाली पूर्ण वाळवूनच परत लावा.

व्हॅक्यूम क्लीनर मदरबोर्डजवळ नेऊ नका. प्लास्टिकच्या नळीतून धूळ घासत जाते तेव्हा नळीवर चार्ज साठतो आणि ती चिपजवळ गेली की ठिणगी पडू शकते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी लहान. कॅबिनेटच्या बाहेरून, जाळ्यांवरची आणि तळाची धूळ ओढायला तो उत्तम.

आणि टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याच्या टाकीत पाणी साठतं, हवेत तेलाचा अंश असतो आणि दाब १०० पीएसआयच्या वर. आपल्याकडच्या दमट हवेत तर त्या नळीतून चक्क थेंब येतात.

नेरूळ_डावीकडे

वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो, कारण ठाणे-नवी मुंबईत निव्वळ कोरडी धूळ फार कमी घरांत असते. स्वयंपाकघर शेजारी असेल तर फोडणीची वाफ, देवघरातल्या उदबत्तीचा धूर, वरून खाडीची दमट हवा. या सगळ्याने धूळ चिकट होते आणि ब्लोअरने जागची हलत नाही. पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडेला काळपट, मेणचट रेघ दिसेल, ती हीच.

त्यासाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, दुकानदार त्याला आयपीए म्हणतात. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि मागे चिकट थर राहतो. ७० टक्केवाल्यात उरलेला बराचसा भाग पाणी असतं. इअरबड आयपीएत बुडवून कडेला निथळवा, ओलसर राहील इतकाच, आणि एकेक पातं पुसा. पंख्याच्या मधल्या स्टिकरखाली बेअरिंगचं तेल असतं, तिथे आयपीए जाऊ देऊ नका.

आयपीए वापरल्यावर ब्लोअर चालवायचा नाही. हँड ब्लोअरच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात आणि त्यांच्या ठिणग्या मागच्या खाचांतून दिसतातही. आयपीएचा फ्लॅश पॉइंट साधारण १२ अंश, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने त्याची वाफ पेट घेऊ शकते. आधी ब्लोअरचं काम पूर्ण संपवा, तो आत ठेवून द्या, मग बाटली उघडा. पुसून झाल्यावर छताच्या पंख्याखाली किमान अर्धा तास ठेवा.

रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायची पद्धत दुकानांमध्ये सर्रास आहे. बंद पडलेलं मशीन त्याने सुरू होतं हेही खरं, पण तो सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनपेक्षा पातळ असतो आणि दर वेळी थोडा खरवडला जातो. खोडरबराचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर नवा त्रास. लिंट न सुटणाऱ्या कापडावर आयपीए घेऊन एकाच दिशेने दोनदा पुसा, पुरे. मशीन नीट चालत असेल तर रॅम काढायचीही गरज नाही.

कळवा_खाडीपूल

स्टॅटिकचं काय? मी नेहमी असं वाचलंय की केबल भिंतीत लावूनच ठेवावी, फक्त बटण बंद करावं, म्हणजे कॅबिनेटला अर्थिंग मिळत राहतं आणि अंगावरचा चार्ज निघून जातो. तुम्ही तर केबल काढायला सांगताय.

ऐरोली_सोल्डर

तो सल्ला वायरिंग बिनचूक असेल तरच ठीक. आपल्या सॉकेटचं बटण फक्त एकच तार तोडतं आणि ती फेज असली पाहिजे. जुन्या सोसायट्यांमध्ये, किंवा नंतर वाढवलेल्या पॉइंटवर, फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. तिथे बटण न्यूट्रल तोडतं आणि बटण बंद असतानाही एसएमपीएसपर्यंत फेज जिवंत राहते. अर्थची तार प्रत्यक्षात जोडलेली आहे की नाही हेही टेस्टर लावल्याशिवाय सांगता येत नाही.

चिपला धोका चार्जचा नसतो, तुमच्यात आणि तिच्यात असलेल्या व्होल्टेजच्या फरकाचा असतो. तो फरक घालवायला जमिनीपर्यंतचं अर्थिंग लागत नाही. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला, उदाहरणार्थ एसएमपीएसच्या जाळीला किंवा मागच्या स्क्रूच्या डोक्याला, दोन्ही हात लावा आणि काम चालू असताना दर काही मिनिटांनी परत लावा. अँटिस्टॅटिक रिस्ट स्ट्रॅप असेल तर त्याचा चिमटा तिथेच लावायचा. त्या स्ट्रॅपमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो तुमच्या सुरक्षेसाठी आहे. तो काढून साधी तार लावू नका. एप्रिल-मेच्या दमटपणात स्टॅटिक फार साठत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत, सिंथेटिक कपडे घालून, एसी लावलेल्या खोलीत जपायला हवं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. एसएमपीएस उघडायचा नाही. २३० व्होल्ट एसीचा डीसी झाल्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या मॉडेलमध्ये त्याहून जास्त, ३८०-४०० पर्यंत. केबल काढल्यावरही तो राहू शकतो. बरेचदा आत तो उतरवणारा रेझिस्टर असतो, पण तो शाबूत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. बटण दाबून धरल्याने चार्ज बराच उतरतो, तरी त्या भरवशावर आत बोट घालू नका.

साफ मात्र करता येतो. मागचे चार स्क्रू काढा, मदरबोर्डची २४ पिनची, प्रोसेसरची ८ पिनची आणि ड्राइव्हच्या केबल सोडवा, अख्खा डबा बाहेर घ्या. जाळीतून लाकडी काडी घालून पंखा अडवा. काडी पात्यापुरतीच आत न्या, आणि धातूचं काही घालू नका. मागच्या षटकोनी छिद्रांच्या बाजूने हवा मारा, धूळ पंख्याच्या बाजूने बाहेर पडेल. मग उलट्या बाजूने एकदा. ब्रश आणि आयपीए एसएमपीएसच्या आत न्यायचं नाही. आतला पंखा अडखळत असेल किंवा जळका वास येत असेल तर साफसफाईच्या भानगडीत न पडता एसएमपीएस बदला.

कासारवडवली_नाका

एसएमपीएसचं स्पष्ट झालं, आभार. कूलरबद्दल सांगा. टॉर्च मारून बघितलं तर पंख्याच्या खाली, पट्ट्यांच्या वर करडा जाड थर दिसतोय. पट्ट्या दिसतच नाहीत.

सानपाडा_९९

तो थर म्हणजेच तुमचे १०० अंश. पंखा हवा खाली ढकलतो, धूळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या तोंडाशी अडकते आणि दाबून दाबून तिचं नमद्यासारखं जाड आवरण होतं. वरून ब्लोअर मारला तर ते पट्ट्यांच्या मध्ये आणखी घट्ट बसतं. आधी चिमट्याने कडेकडेने उचलायचं, बरेचदा अख्खा तुकडा निघतो, आणि मग पट्ट्यांच्या बाजूने, म्हणजे कूलरच्या कुशीतून आडवी हवा मारायची.

थर इतका जाड असेल तर कूलर काढूनच करा. मग पेस्ट बदलणं आलंच. एकदा सुटलेली जुनी पेस्ट तशीच परत दाबली की मध्ये हवेचे बुडबुडे राहतात आणि तापमान पूर्वीपेक्षा वाढतं.

काढण्यापूर्वी मशीन पाच-दहा मिनिटं चालवा. पेस्ट कोमट होऊन मऊ पडते. मग शटडाउन, केबल, सगळं वर लिहिलंय तसं. पंख्याची ४ पिनची वायर मदरबोर्डवरून सोडवा. चार कोपऱ्यांतल्या खुंट्यांच्या डोक्यावर बाण असतो, त्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, पाव वळसा द्या आणि खुंटी वर ओढा. चारही सुटल्यावर कूलर सरळ न उपटता डावी-उजवीकडे हलकेच फिरवून मोकळा करा आणि मग उचला. एएमडी रायझनचं एएम४ सॉकेट वापरणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. त्यात पिना प्रोसेसरलाच असतात आणि थंड पेस्टने चिकटलेला प्रोसेसर कूलरसोबत सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. तुमच्या १०४०० वर लोखंडी पट्टी दाबून बसलेली असते, तो येत नाही. ती पट्टी उघडू नका, सॉकेटमधल्या पिना नुसत्या कापडाचा धागा अडकला तरी वाकतात.

जुनी पेस्ट दोन्हीकडून आयपीएने पुसा, मधून बाहेर नको, कडेकडून मध्ये, म्हणजे ती बाजूला पसरत नाही. दोन्ही पृष्ठभाग चकचकीत आणि कोरडे झाले की प्रोसेसरच्या बरोबर मध्ये ४-५ मिमीचा एकच ठिपका. बोटाने पसरवू नका, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. जास्त लावल्याने जास्त थंडावा मिळत नाही. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म खाचा भरण्यापुरतं आहे, जाड थर उलट उष्णता अडवतो.

बसवताना चारही खुंट्यांची डोकी आधी मूळ स्थितीत फिरवून घ्या. हे विसरलं की खुंटी बसल्यासारखी वाटते आणि सुटते. मग समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबा: एक, तिच्या तिरक्यातली दुसरी, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा टक् आवाज आला पाहिजे. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला खिडकी असेल तर मदरबोर्डच्या पाठीमागून चारही टोकं बाहेर आलेली दिसतात का ते बघा. एक जरी अर्धवट असेल तर कूलर एका बाजूला उचललेला राहतो आणि सुरू केल्यावर मिनिटभरात तापमान ९० च्या पुढे जातं. तसं झालं तर लगेच बंद करून परत बसवा. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा.

कासारवडवली_नाका

समजलं. सगळं जोडून बटण दाबल्यावर पंखे फिरले पण डिस्प्लेच आला नाही, तर कुठून सुरुवात करायची?

नेरूळ_डावीकडे

घाबरायचं नाही, साफसफाईनंतर हे नेहमी होतं आणि दहातल्या नऊ वेळा काहीतरी अर्धवट बसलेलं असतं. केबल काढून पुन्हा बघा. रॅम काढली असेल तर दोन्ही टोकं दाबून खिट्या मिटल्यात का. ग्राफिक्स कार्ड पूर्ण खाली गेलंय का, आणि कार्डाला ६ पिनची वेगळी वायर लागत असेल तर ती लावलीत का. प्रोसेसरची ८ पिनची केबल मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असते, ती विसरली की पंखे फिरतात आणि बाकी काहीच होत नाही. मॉनिटरची वायर कार्डालाच लावलीय ना, मदरबोर्डच्या एचडीएमआयला नाही, हेही बघा.

तरीही नाही आला तर एकच रॅम ठेवून चालवा, पट्टी आणि स्लॉट बदलून बघा. तारीख-वेळ मागे गेलेली दिसली तर सीआर २०३२ बॅटरी संपलीय, नवी घाला. ती ३ व्होल्टची साधी नाण्यासारखी बॅटरी असते.

सुरू झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेंप हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून तोच व्हिडिओ एक्स्पोर्ट करा. छोट्या इंटेल कूलरवर पूर्ण कामात ७५-८५ दिसलं तर उत्तम. रिकाम्या वेळी खोलीच्या तापमानापेक्षा १०-१५ अंश जास्त असणं ठीक. मे महिन्यात खोलीच ३३-३४ ला असते, त्यामुळे जानेवारीतले आकडे आता मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका.

सानपाडा_९९

चौथा प्रश्न कोणी घेतला नाही. तापमान १०० ला टेकतंय, तेव्हा साफसफाई आत्ताच करा, रंगकामाची वाट बघू नका. मात्र पुट्टी घासायच्या दिवशी कॉम्प्युटर चालू ठेवू नका. पुट्टी आणि पीओपीचा भुगा पिठाहून बारीक असतो, जाळीतून थेट जातो आणि पंखे तो आत ओढतात.  एकदा आत गेल्यावर जूनमधल्या दमट हवेत तो ओल धरून चिकटतो आणि मग ब्रशनेही सहज निघत नाही. शटडाउन करून, सगळ्या वायरी काढून, कॅबिनेट मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड टेपने बंद करा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. चालू कॅबिनेटवर चादर टाकून काम भागवू नका, हवा कोंडून आणखी तापेल. घासकाम संपल्यावर खोली ओल्या फडक्याने पुसा, एक दिवस जाऊ द्या, मग पिशवी उघडा. तरीही आत पांढरं दिसलं तर फक्त कोरडा ब्रश आणि हवा. ओलं फडकं अजिबात नको.

पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. धूळ ओल धरून ठेवते, आणि खाडीकडच्या हवेत त्यात क्षारही असतात. असा ओला थर चिपच्या पायांमध्ये थोडीफार वीज वाहू देतो आणि पाय हळूहळू हिरवे पडतात. रोज तासभर चालवलं तरी आतल्या उष्णतेने ओल निघून जाते.

कळवा_खाडीपूल

कॅबिनेट जमिनीवरून उचला हेही सांगायला हवं. फरशीपासून ३०-४० सेंमी वर लाकडी स्टँडवर ठेवलं आणि मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडली तरी धूळ बरीच कमी जाते. झाडू मारताना उडणारा कचरा नेमका खालच्या पंख्यातून आत ओढला जातो.

आणि मागच्या बाजूला ग्राफिक्स कार्डाच्या खाली स्लॉटच्या रिकाम्या पट्ट्या गायब असतील तर लावून घ्या. तिथून झुरळं आणि पाली आत शिरतात, एसएमपीएसच्या उबेला जाऊन बसतात, आणि पालीने दोन टोकांना स्पर्श केला की शॉर्ट. साफ करताना काळ्या दाण्यासारखी विष्ठा किंवा झुरळाची अंडी दिसली तर समजा रस्ता उघडा आहे. पट्टी मिळाली नाही तर बारीक तारेची जाळी कापून मूळ स्क्रूने घट्ट बसवा. मात्र जाळीचं एकही सुटं टोक मदरबोर्डच्या बाजूला राहू देऊ नका.